एका पैशाचा फरक मिटत का नाही? डेसिमल लायब्ररी निवडण्याआधी आणि बसवल्यानंतर

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. बिलिंग सॉफ्टवेअर नीट चाललेलं असतं आणि महिनाअखेरीला अकाउंटंटचा निरोप येतो की बिलांची बेरीज आणि रिटर्नमधला आकडा जुळत नाही, सात पैशांचा फरक आहे. फ्लोट (अपूर्णांक दोनच्या पायात ठेवणारा संख्येचा नेहमीचा प्रकार) काढून एखादी डेसिमल लायब्ररी, म्हणजे दहाच्या पायात हिशोब करणारा तयार कोड, बसवली जाते. फरक तीन पैशांवर येतो, पण शून्यावर येत नाही. मग लायब्ररी बदलली जाते, आणि आता फरक चार पैसे होतो.

असं होतं कारण पैशाच्या फरकामागे एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार बिघाड असतात आणि लायब्ररी त्यातला एकच दुरुस्त करते. म्हणून आधी आपला बिघाड कुठला ते ओळखा, लायब्ररीचा आकार आणि वेग नंतर बघा.

चार रकमा घेऊन तपासा

पाच टक्के जीएसटीचा माल, राज्यातल्या राज्यात विक्री. म्हणजे अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी. करपात्र रक्कम १०१, १०३, १०५ आणि १०७ रुपये घ्या. कागदावर सीजीएसटी येतो २.५२५, २.५७५, २.६२५ आणि २.६७५. चारही ठिकाणी तिसरा अंक पाच, म्हणजे रक्कम बरोब्बर दोन पैशांच्या मध्यावर. व्यवहारातल्या नेहमीच्या रीतीने वर नेलं तर उत्तरं २.५३, २.५८, २.६३ आणि २.६८.

आता हेच जावास्क्रिप्टमध्ये साध्या नंबर प्रकारात करा: रक्कम गुणिले २.५, भागिले १००, आणि शेवटी टूफिक्स्ड लावून दोन दशांश. उत्तरं येतात २.५२, २.५८, २.६३, २.६७. दोन बरोबर, दोन चूक.

कारण असं. आयईईई ७५४ या मानकातला ६४ बिटांचा डबल (जावास्क्रिप्टचा नंबर आतून हाच) संख्या दोनच्या पायात ठेवतो आणि त्यात ५३ बिटांची अचूकता असते. २.६२५ म्हणजे दोन पूर्णांक पाच अष्टमांश, तो दोनच्या पायात तंतोतंत बसतो. बाकीचे तिन्ही बसत नाहीत, त्यांच्या जागी सर्वांत जवळचा शेजारी साठवला जातो. २.६७५ च्या जागी प्रत्यक्षात २.६७४९९९९९९९९९९९९८२२… असतो, म्हणजे मध्याच्या किंचित खाली. टूफिक्स्ड तो खाली नेतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. २.५७५ चा शेजारी किंचित वर पडतो, म्हणून तिथे उत्तर नशिबाने जमतं.

याहून खोडसाळ प्रकार पुढे आहे. आधी २.५ ने गुणून मग १०० ने भागण्याऐवजी थेट ०.०२५ ने गुणलं, तर १०१ चं उत्तर २.५३ येतं आणि १०७ चं २.६८. कारण ०.०२५ चा शेजारी खऱ्या किमतीहून किंचित मोठा आहे, आणि गुणाकारात ती चूक वाढून उत्तर मध्याच्या पलीकडे जातं. गणित तेच, लिहिण्याची पद्धत वेगळी, पैसा वेगळा. दोन मॉड्यूल दोन जणांनी लिहिली असतील आणि फरक ‘कधी येतो, कधी येत नाही’ असा असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

पायथनमध्ये साध्या फ्लोटवर राउंड लावलं की १०५ च्या बाबतीतही गंमत होते. २.६२५ तंतोतंत साठवलेला आहे, म्हणजे बरोब्बर मध्य. जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड अशा वेळी मोठी संख्या घेतं, २.६३. पायथनचं राउंड सम अंकाकडे जातं, २.६२. पुढची बाजू एका भाषेत आणि सर्व्हर दुसऱ्या भाषेत असेल, तर स्क्रीनवरचं बिल आणि पीडीएफमधलं बिल वेगळं दिसतं ते यामुळे.

यावर ‘डबलऐवजी जास्त अचूकतेचा प्रकार घेऊ’ हा उपाय करू नका. लाँग डबल किंवा एमपीएफआर घेतलं तरी पाया दोनचाच राहतो. एमपीएफआर ही हवी तितकी अचूकता देणारी उत्तम लायब्ररी आहे, पण २.६७५ तिच्यातही बसत नाही, हजार बिट दिले तरी नाही. पाया दहाचा हवा.

पाया दहाचा केला तरी फरक राहतोय?

मग राउंडिंगची दिशा बघा. हाफ-अप म्हणजे मध्यावरची रक्कम शून्यापासून लांब न्यायची. हाफ-ईव्हन, ज्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, म्हणजे मध्यावर असेल तर सम अंकाकडे न्यायची. वरच्या चार रकमांना हाफ-ईव्हन लावलं तर २.५२, २.५८, २.६२, २.६८. यांची बेरीज १०.४०. गंमत म्हणजे जावास्क्रिप्टच्या चुकीच्या फ्लोट उत्तरांची बेरीजही १०.४० च येते. हाफ-अपची येते १०.४२. म्हणून नुसती एकूण बेरीज जुळवून निदान करू नका, ओळ न् ओळ ताडून पाहा.

जीएसटीत रुपयाच्या राउंडिंगबद्दल केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ चं कलम १७० स्पष्ट आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर पैसे सोडून द्यायचे. हा हाफ-अपच झाला. पैशाच्या पातळीवरही तोच नियम ठेवला की ऑडिटरला समजावून सांगावं लागत नाही. पण पायथन, सी शार्प आणि रस्टमध्ये काहीच न सांगता मिळतं ते हाफ-ईव्हन. लायब्ररी बदलली आणि फरक वाढला, असं झालं की बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

दिशाही जुळली, तरी फरक? मग प्रश्न राउंडिंग कुठे केलं याचा आहे, आणि तो कुठलीही लायब्ररी सोडवत नाही. १०१ रुपयांच्या तीन ओळी: प्रत्येकीचा सीजीएसटी २.५३, बेरीज ७.५९. तीनशे तीन रुपयांवर एकदम काढला तर ७.५७५, म्हणजे ७.५८. तसंच १०१ रुपयांचा माल राज्याबाहेर गेला तर आयजीएसटी ५.०५, राज्यात विकला तर २.५३ दोनदा, म्हणजे ५.०६. दोन्ही बरोबर आहेत. ओळीवर राउंड करायचं की बिलावर, हे एकदा ठरवून बिल, पावती, रिटर्न आणि अहवाल चौघांनाही एकच फंक्शन वापरायला लावा. अहवालाची क्वेरी स्वतःच कर काढत असेल तर ती काढून टाका. साठवलेला कर वाचा, पुन्हा मोजू नका.

एमआरपीतून उलटा कर काढताना हीच अडचण जास्त बोचते. १०० रुपये एमआरपी, १८ टक्के कर आत धरलेला. १०० भागिले १.१८ म्हणजे ८४.७४५७…, राउंड केल्यावर ८४.७५. त्यावर नऊ टक्के ७.६२७५, म्हणजे ७.६३, दोनदा १५.२६. बेरीज १००.०१, आणि गिऱ्हाईक विचारतं वरचा पैसा कसला. इथे क्रम उलटा करा. आधी अर्धा कर काढा: १०० गुणिले ९ भागिले ११८, म्हणजे ७.६३. दोन्ही कर मिळून १५.२६. उरलेले ८४.७४ ही करपात्र रक्कम. ८४.७४ वर नऊ टक्के काढून पाहिले तरी ७.६३ च येतात, म्हणजे बिल दोन्ही बाजूंनी जुळतं. गुणाकार आधी, भागाकार शेवटी आणि एकदाच, हा क्रम सगळीकडे पाळा. १.१८ ने भागून मग ०.०९ ने गुणणं म्हणजे भागाकारातली शेपूट पुढच्या पायरीत नेणं.

लायब्ररी लागतेच का?

सर्वांत आटोपशीर लायब्ररी म्हणजे न घेतलेली. फक्त रुपये-पैसे, बेरीज-वजाबाकी आणि ठरावीक टक्के एवढंच काम असेल तर रक्कम पैशात, पूर्णांक म्हणून ठेवा. ६४ बिटांच्या पूर्णांकात ही मर्यादा व्यवहारात कधीच लागत नाही. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्येही ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतचे पूर्णांक तंतोतंत राहतात. एवढे पैसे म्हणजे सुमारे ९० लाख कोटी रुपये. गुणाकाराच्या मधल्या पायरीत मात्र ही मर्यादा दर किती दशांशांत धरला त्या पटीने खाली येते, तिथे बिगइंट, म्हणजे लांबीची मर्यादा नसलेला पूर्णांक, वापरा.

टक्के शंभराव्या हिश्शात धरा, अडीच टक्के म्हणजे २५०. मग कर बरोबर रक्कम गुणिले २५०, अधिक ५,०००, भागिले १०,०००, उरलेलं सोडून. १०१ रुपयांना: १०,१०० × २५० = २५,२५,०००, अधिक ५,००० केल्यावर २५,३०,०००, भागून २५३ पैसे. बरोबर.

आता तेच सूत्र क्रेडिट नोटला, म्हणजे उणे रकमेला लावा. उणे २५,२५,००० अधिक ५,००० म्हणजे उणे २५,२०,०००, भागून उणे २५२. बिलात २.५३ घेतले, परत दिले २.५२, आणि खात्यात एक पैसा कायमचा लोंबकळत राहिला. जावास्क्रिप्टचं मॅथ राउंडही असंच करतं, २५२.५ चे २५३ आणि उणे २५२.५ चे उणे २५२. फरक फक्त माल परत आलेल्या बिलांवर दिसत असेल तर शोध इथेच थांबवा. उपाय एका ओळीचा: चिन्ह बाजूला काढा, धन संख्येवर हिशोब करा, शेवटी चिन्ह परत लावा.

पूर्णांकाची पद्धत तोकडी पडते ती दर चार दशांशांचा, वजन तीन दशांशांचं, विदेशी चलनाचा दर आणखी वेगळ्या दशांशांचा असं मिसळायला लागलं की. प्रत्येक ठिकाणी आपण आता शंभराव्या हिश्शात आहोत की दहा हजाराव्या, हे माणसाला लक्षात ठेवावं लागतं, आणि ते राहत नाही. तिथून पुढे लायब्ररी घ्या.

जावास्क्रिप्ट

तीन नावं समोर येतात: बिग जेएस, बिगनंबर जेएस आणि डेसिमल जेएस. तिन्ही एकाच लेखकाच्या आहेत, म्हणून वरवर सारख्या दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. बिग जेएस मिनिफाय केल्यावर सुमारे ६ केबी. बिलिंगला ती पुरते. डेसिमल जेएस तिच्याहून बरीच मोठी, कारण तीत लॉग, घातांक, त्रिकोणमिती सगळं आहे. कराचा हिशोब करायला साइन-कोसाइन ब्राउझरमध्ये उतरवण्याची गरज नाही.

अचूकतेचा अर्थ दोघींत वेगळा आहे. बिग जेएसमधली डीपी ही सेटिंग दशांशस्थळं मोजते आणि ती भागाकार, वर्गमूळ व उणे घातांक एवढ्यांनाच लागू होते. बेरीज आणि गुणाकार पूर्ण अचूक. डेसिमल जेएसमधलं प्रिसिजन सार्थ अंक, म्हणजे दशांशचिन्हाच्या दोन्ही बाजूंचे मिळून अंक, मोजतं, मुळात २० असतं, आणि ते बेरजेलाही लागू होतं. ‘दोन दशांश हवेत’ म्हणून कुणी प्रिसिजन २ केलं, तर १०१ अधिक १ चं उत्तर १०० येतं. हे वाचून हसू येईल, पण असा कोड प्रत्यक्ष चालू असलेला सापडतो.

राउंडिंगचे क्रमांक हा आणखी वाईट सापळा. बिग जेएसमध्ये ० म्हणजे कापणे, १ म्हणजे हाफ-अप, २ हाफ-ईव्हन, ३ म्हणजे वर. डेसिमल आणि बिगनंबरमध्ये ० म्हणजे वर, १ म्हणजे कापणे, हाफ-अप ४ वर आणि हाफ-ईव्हन ६ वर. कोडमध्ये नुसता १ लिहिलेला असताना एक लायब्ररी काढून दुसरी बसवली, की प्रत्येक मध्यावरची आणि त्यावरची रक्कम गुपचूप खाली जायला लागते. एररही येत नाही. आकडा कधीच लिहू नका, लायब्ररीने दिलेलं नाव लिहा.

अधिकचं चिन्ह तिसरा सापळा. या लायब्रऱ्यांच्या वस्तूंवर थेट + वापरला तर त्यांची स्ट्रिंग (अक्षरांची माळ) होते आणि बेरजेऐवजी जोडणी होते: १०१ आणि ५.०६ मिळून १०१५.०६. बेरीज एवढी वाढली की निदान लगेच कळतं. तुलना मात्र शांतपणे चुकते. ९ मोठे की १० हे > ने विचारलं तर अक्षरांनुसार तुलना होऊन ९ मोठे ठरतात, आणि किमान रकमेची अट किंवा सवलतीचा टप्पा चुकतो. बिग जेएसमध्ये स्ट्रिक्ट चालू करा. मग असा वापर झाला की एरर मिळते, आणि साधा नंबर कन्स्ट्रक्टरला दिला तरी एरर मिळते. जुन्या कोडमध्ये हे चालू केल्यावर पहिल्या दिवशी एररींचा पाऊस पडेल. पडू द्या, प्रत्येक एरर म्हणजे एक गळती सापडली.

पायथन, जावा, पीएचपी

पायथनमध्ये वेगळं काही बसवायची गरज नाही. डेसिमल मॉड्यूल २.४ पासून आहे आणि ३.३ पासून ते सी भाषेतल्या लिबएमपीडेक या लायब्ररीवर चालतं, त्यामुळे वेगाची जुनी तक्रार संपली. मुळातली सेटिंग २८ सार्थ अंक आणि हाफ-ईव्हन. दोन दशांशांसाठी राउंड न वापरता क्वांटाइझ वापरा आणि तिथेच हाफ-अप सांगा.

इथे वारंवार होणारी चूक म्हणजे डेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला फ्लोट देणं. २.६७५ अवतरणाशिवाय दिलं की फ्लोटची सगळी घाण तंतोतंत आत येते. अवतरणात द्या. चुकून कुणी फ्लोट दिलाच तर पकडायला कॉन्टेक्स्टमधला (अचूकता, राउंडिंग वगैरे सेटिंगचा संच) फ्लोटऑपरेशन हा ट्रॅप चालू करता येतो. दुसरी चूक थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची. कॉन्टेक्स्ट प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र असतो. मुख्य थ्रेडमध्ये गेटकॉन्टेक्स्ट घेऊन हाफ-अप लावलं तरी नवे थ्रेड सहसा मूळ सेटिंगनेच सुरू होतात. डेव्हलपरच्या मशीनवर बरोबर, सर्व्हरवर चूक, असं दिसलं तर हेच. थ्रेड सुरू होण्याआधी डिफॉल्टकॉन्टेक्स्ट बदला, किंवा त्याहून बरं म्हणजे कॉन्टेक्स्टवर विसंबूच नका, प्रत्येक क्वांटाइझला दिशा हाताने द्या.

एखाद्या काटछाट केलेल्या डब्यात, म्हणजे लहान कंटेनर इमेजमध्ये, पायथन स्वतः बांधलं असेल आणि हिशोब अचानक मंद झाला असेल, तर अंडरस्कोर-डेसिमल हे सीमधलं मॉड्यूल इम्पोर्ट होतं का बघा. होत नसेल तर पायथनने गुपचूप शुद्ध पायथनमधली आवृत्ती उचलली आहे.

जावात बिगडेसिमल आहेच. १८ अंकांपर्यंतची संख्या ती आतून एका लाँगमध्येच (६४ बिटांचा पूर्णांक) ठेवते, त्यामुळे समजतात तेवढी ती जड नाही. तिचे तीन स्वभाव लक्षात ठेवा. डबलवरून बनवायचीच असेल तर न्यू नको, व्हॅल्यूऑफ वापरा. भागाकाराला राउंडिंग सांगितलं नाही आणि उत्तर संपणारं नसलं तर अरिथमेटिक एक्सेप्शन येतं, म्हणून १०० भागिले ४ वर चाचणी पास होते आणि १०० भागिले ३ वर पहाटे सर्व्हर पडतो. आणि इक्वल्स हे दशांशस्थळंही बघतं, त्याच्या लेखी २.५ आणि २.५० वेगळे. तुलनेला कंपेअरटू. हॅशमॅपची किल्ली म्हणून बिगडेसिमल ठेवत असाल तर आधी सगळ्यांची दशांशस्थळं सारखी करून घ्या.

पीएचपीत बीसीमॅथ. ते राउंड करत नाही, कापतं. १०१ गुणिले ०.०२५, दोन दशांश सांगितले तर २.५२. स्केल, म्हणजे दशांशस्थळं, सांगायचं विसरलात तर मूळ स्केल शून्य, म्हणजे पैसे सरळ गायब. ८.४ आवृत्तीत बीसीराउंड आलं आणि त्यासोबत संख्येचा स्वतंत्र क्लासही. त्याआधीच्या आवृत्तीत जास्त दशांशांत गुणून, चिन्हानुसार ०.००५ मिळवून किंवा वजा करून, मग दोन दशांशांवर कापायचं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सी शार्पचा डेसिमल ९६ बिटांचा पूर्णांक आणि ० ते २८ स्केल असा आहे, वेगवान आहे, फक्त मॅथ राउंडला मिडपॉइंटची दिशा सांगा. रस्टमधला रस्ट-डेसिमल जवळपास त्याच बांधणीचा, आणि त्याचंही साधं राउंड-डीपी हाफ-ईव्हन करतं. गोमध्ये शॉपस्प्रिंगचं पॅकेज सोपं आहे, राउंड शून्यापासून लांब नेतं, भागाकार १६ दशांशांवर थांबतो. तुलना == ने करू नका, इक्वलने करा.

सी आणि लहान यंत्रं

आटोपशीरपणाचा खरा कस इथे लागतो. दूध संकलन केंद्रातलं पावती छापणारं यंत्र घ्या, आत आठ बिटांचा एव्हीआर मायक्रोकंट्रोलर. ७.३ लिटर, दर ३४.८५. उत्तर २५४.४०५, म्हणजे २५४ रुपये ४१ पैसे.

आर्डुइनो उनोसारख्या बोर्डावर डबल लिहिलं तरी मिळतो तो ३२ बिटांचा फ्लोट. त्यात २४ बिटांची अचूकता, म्हणजे सलग पूर्णांक १,६७,७७,२१६ पर्यंतच. पैशात धरलं तर १,६७,७७२ रुपये १६ पैसे. रुपयांत धरलं तर १,३१,०७२ च्या पुढे दोन शेजारच्या संख्यांतलं अंतर १/६४ रुपया, दीड पैशाहून जास्त. एका शेतकऱ्याच्या पावतीत काही कळत नाही, पण केंद्राची दहा दिवसांची बेरीज या मर्यादेपुढे गेली की पैसे गळायला लागतात. तक्रार मोठ्या केंद्रांतूनच येते ती त्यामुळे.

इथे लायब्ररी नकोच. लिटर दहाव्या हिश्शात ७३, दर पैशात ३४८५, गुणाकार २,५४,४०५, अधिक ५, भागिले १०, म्हणजे २५,४४१ पैसे. फक्त एक गोष्ट सांभाळा: या बोर्डावर इंट १६ बिटांचा असतो, कमाल ३२,७६७. दोन्ही संख्या इंटमध्ये असतील तर गुणाकारही इंटमध्येच होतो आणि बहुधा उणे ७,७३९ असं काहीतरी छापलं जातं. उत्तर लाँगमध्ये घेणं पुरत नाही, गुणण्याआधी एक संख्या लाँग करायला हवी.

थोड्या मोठ्या यंत्रावर, किंवा डेस्कटॉपवरच्या सी प्रोग्राममध्ये, डेकनंबर बघा. आयबीएममध्ये माइक काउलिशॉ यांनी लिहिलेली ही लायब्ररी. आयईईई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत आलेले दशमान प्रकार, डेसिमल६४ चे १६ अंक आणि डेसिमल१२८ चे ३४ अंक, तिच्यात आहेत. ८ आणि १६ बाइटांचे हे ठरावीक आकाराचे प्रकार वापरले तर मेमरी मागावीच लागत नाही. डेसिमल३२ पैशांसाठी घेऊ नका, सातच अंक मिळतात, ९९,९९९.९९ ला संपले.

डेकनंबरचा ठरलेला अपघात असा: डेकनमडिजिट्स हा मॅक्रो हेडर फाइलच्या आधी डिफाइन करावा लागतो. केला नाही तर तो १ धरला जातो. मग व्हेरिएबलला जागा मिळते एका युनिटची, कॉन्टेक्स्टमध्ये मात्र ३४ अंक सांगितलेले. लायब्ररी पुढच्या मेमरीवर लिहीत सुटते. प्रोग्राम लगेच पडत नाही, लहान रकमांवर चालतो आणि मोठ्या रकमेवर शेजारचं व्हेरिएबल बिघडतं. प्रत्येक सोर्स फाइलमध्ये ही किंमत सारखी आहे ना, तेही बघा. आणि डेसिमल६४ चा कॉन्टेक्स्ट सुरू केला की राउंडिंग हाफ-ईव्हन असतं, ते हाताने हाफ-अप करा.

अंकांची लांबी आधी ठरवता येत नसेल तर लिबएमपीडेक. ६४ बिटांच्या एका शब्दात ती १९ दशमान अंक बसवते आणि मोठ्या संख्यांवर डेकनंबरपेक्षा कितीतरी वेगवान आहे. इंटेलची दशमान लायब्ररी सर्व्हरवर चांगली, पण लहान यंत्रावर तिचे तक्ते फार जागा खातात. जीसीसी या कंपायलरमध्ये एक्स८६ प्रोसेसरवर अंडरस्कोर-डेसिमल६४ हा प्रकार थेट मिळतो. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या प्रिंटएफला तो छापता येत नाही आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरने कंपाइल होणार असेल तर त्यावर विसंबू नका. दोन यंत्रांत दशमान संख्या कच्च्या बाइटांत पाठवू नका. आयबीएमची डीपीडी आणि इंटेलची बीआयडी या एकाच प्रकाराच्या दोन वेगळ्या मांडण्या आहेत, बाइट तेच राहून संख्या बदलते. स्ट्रिंग पाठवा.

गळती बहुधा दारातून होते

लायब्ररी बरोबर, दिशा बरोबर, तरी फ्लोटची शेपूट दिसते? मग संख्या आत येते किंवा बाहेर जाते ती जागा बघा. जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) रक्कम अवतरणाशिवाय असेल तर जावास्क्रिप्ट ती वाचतानाच डबल करतं. पायथनमध्ये लोड्सला पार्सफ्लोट म्हणून डेसिमल देता येतो, पण रक्कम स्ट्रिंग म्हणूनच पाठवणं सगळ्यात सुरक्षित.

पोस्टग्रेस डेटाबेसमधला न्यूमेरिक हा दशमान प्रकार नोडचा (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) ड्रायव्हर मुद्दाम स्ट्रिंग म्हणून देतो. ‘हे काय स्ट्रिंग येतंय’ म्हणून त्यावर पार्सफ्लोट लावलेला असतो, आणि तिथेच सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. तो पार्सर काढा. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये कॉलमला डेसिमल (१०,२) असं नाव दिलं तरी तो दशमान होत नाही, अपूर्णांक आत फ्लोट म्हणूनच जातो. एसक्यूएल-अल्केमी ही पायथनची डेटाबेस लायब्ररी त्याबद्दल इशारा देते, तो दाबू नका. एसक्यूलाइटमध्ये पैसे पूर्णांकात ठेवा.

एक्सेल फाइलमधून रक्कम घेताना वाचणारी लायब्ररी बहुधा फ्लोटच देते. तो फ्लोट थेट डेसिमलला न देता आधी स्ट्रिंग करा. सर्वांत आखूड स्ट्रिंग मिळते आणि २.६७५ परत २.६७५ होतो. पंधरा सार्थ अंकांपर्यंत ही युक्ती निर्धोक आहे.

वेग मोजायचा तर

बेरजेच्या लूपवर लायब्रऱ्यांची शर्यत लावून काही कळत नाही. बिलिंगमध्ये वेळ जातो स्ट्रिंगची संख्या आणि संख्येची स्ट्रिंग करण्यात, आणि प्रत्येक पायरीला नवी वस्तू बनवण्यात. काउलिशॉ यांचीच टेल्को नावाची चाचणी आहे: दहा लाख फोन कॉलचा कालावधी वाचा, दराने गुणा, कर काढा, राउंड करा, बेरीज करा, छापा. तिचा आराखडा उचलून स्वतःच्या दरांवर आणि स्वतःच्या फाइलवर चालवा. डेटाबेसची एक फेरी एवढ्या हिशोबापेक्षा महाग असेल तर वेगासाठी लायब्ररी बदलण्यात अर्थ नाही.

लायब्ररी अंतिम करण्याआधी तिच्यावर हा संच चालवा. १०१, १०३, १०५, १०७ वर अडीच टक्के आणि अपेक्षित उत्तरं २.५३, २.५८, २.६३, २.६८. त्याच रकमा उणे, उत्तरं तीच उणे चिन्हासह. ३०३ वर अडीच टक्के ७.५८. एमआरपी १०० वर ८४.७४, ७.६३, ७.६३. ७.३ गुणिले ३४.८५ म्हणजे २५४.४१. ९ हे १० पेक्षा लहान. २.५ आणि २.५० समान. १०० भागिले ३ वर प्रोग्राम पडता कामा नये. यातली पहिली चार उत्तरं नव्या थ्रेडमध्ये, आणि एकदा जेसनमधून जाऊन-येऊन, पुन्हा तपासा. उणे रकमांची ओळ बहुतेकांच्या चाचणीत नसते, आणि फेल होते ती तीच.